माझं नाक धावत आहे

अध्यक्षांनी मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली पंधरा सत्कारातच गेली. असो, नारळ चांगला आहे. पत्रिकेत विषय छापलाय ‘मुलांना इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे सांगावेत’. मी एकच शब्द घेऊन बसणार आहे: ‘रन’.

निमित्त आमची नात. तिच्या शिकवणीच्या वहीत ‘रन म्हणजे धावणे’ असं दहादा लिहून काढलेलं. मग गृहपाठाचं भाषांतर: ‘माझं नाक धावत आहे. माझे काका किराणा दुकान धावतात.’ मला हसू आवरेना. ती चिडली, “आबा, हसून काहून राह्यले? बाईंनीच सांगितलं ना!” खरंच होतं तिचं. इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि मधे बरोबरचं चिन्ह, हे गणित आम्हा मास्तर लोकांचंच. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर तेच केलंय.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे ‘रन’नं तिला मागं टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, इंग्लंडात उभा राहतो. आपल्याकडेही उभाच राहतो, निवडून आला की बसतो. (हसू नका, पहिल्या रांगेत माजी नगरसेवक आहेत.)

६४५ ऐकून घाबरलात? मग हे ऐका. नातीला घेऊन चिखलदऱ्याला निघालो होतो. गणेशपेठच्या स्टँडवर मी ओरडलो, “चल लवकर, बस लागली!” खिडकीची जागा मिळाली, संत्री सोलून झाली, मी डुलक्या घेऊ लागलो. घाटात तिनं हात ओढला, “आबा, मला बस लागली.” मी झोपेत म्हणालो, “अगं, ती सकाळीच लागली.” पुढचं सांगत नाही, माझं धोतर नवं होतं. आता बघा, नोकरी लागते, ठेच लागते, लग्न लागतं, ताक आंबट लागतं. यातलं काही तिला कोणी अर्थ लिहून शिकवलं होतं का?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. म्हणजे मुख्य मुद्दा आता पळत सांगतो. मुलाला अर्थ देऊ नका, शब्दाची सोबत द्या. नाक, नळ, दुकान, बस, ओढणीचा रंग, प्रत्येकापुढे ‘रन’ ठेवा आणि मराठीत आपण काय म्हणतो ते त्यालाच विचारा. नाक वाहतं, नळ सुरू असतो, दुकान चालवतात, बस धावते, रंग जातो. मग विचारा, या सगळ्यांत सारखं काय? आमची म्हणाली, “काहीतरी चालूच राह्यते, थांबत नाही.” कोशकारांना यापेक्षा फार वेगळं सुचलं नसतं.

क्रिकेटमध्ये तिनं अडवलंच. षटकार मारला की कोणी जागचं हलत नाही, मग सहा रन कसे? सांगितलं, आधी पळून मोजत, मोजणीला तेच नाव चिकटलं. मराठीत आपणही ‘धावा’च म्हणतो की.

‘रन आउट’ मात्र जोडशब्द म्हणून वेगळा शिकवा. साखर संपली तरी तोच, फलंदाज बाद झाला तरी तोच. हे सांगितल्यावर नातीनं रिकामा डबा पुढे केला, “आबा, साखर रन आउट. थर्ड अंपायरला विचारू?”