भोसरीतून निघालेला डबा

सकाळचे साडेसहा वाजलेत, भोसरी एमआयडीसी, आणि हा जो पीं पीं आवाज येतोय ना तो रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरचा आहे. गल्ली एवढी अरुंद की ड्रायव्हर काका गेली वीस मिनिटं पुढे-मागे, पुढे-मागे करतायत, कोपऱ्यावरच्या चहावाल्याने न सांगताच आपलं बाकडं उचलून आत घेतलंय, आणि चार बाजूंनी चार जण "येऊ द्या, येऊ द्या... बास बास बास" ओरडतायत. इंजिनवाल्या पुढच्या भागाला या लाइनीत घोडा म्हणतात. घोडा वेगळा, मागची चेसी वेगळी, आणि चेसीवर बसलाय तो 20 फुटी डबा. कंटेनर वगैरे इथं कोणी म्हणत नाही. "डबा लागला का?" एवढंच.

हा डबा आज रात्रीपर्यंत न्हावा शेवा बंदराला आणि तिथून जहाजानं जर्मनीला, हॅम्बर्गला जाणार. आत काय, तर पंपाच्या बॉड्या, बिडाच्या कास्टिंगच्या, याच शॉपमध्ये मशीनिंग केलेल्या. दहा पॅलेट (माल ठेवायचे लाकडी पाट म्हणा), प्रत्येकी मालासकट दोन टनांच्या आसपास.

खरं सांगायचं तर आम्हाला जहाजाचा व्हिडिओ करायचा होता, मोठ्या क्रेन, ड्रोन शॉट, मागे म्युझिक. पण इथले मालक पहिल्याच भेटीत म्हणाले, "जहाजाचं काय घेऊन बसलात, जहाज जातंच हो. माल बिघडतो तो इथं, या दारात." मग आम्हीही दारातच कॅमेरा लावला.

माल भरायच्या आधी एक गंमत करतात, ती बघा. सुपरवायझर मॅडम रिकाम्या डब्यात चढल्या, आम्हालाही आत घेतलं, आणि बाहेरून दोन्ही दारं लावली. मिट्ट काळोख. स्क्रीन काळी दिसतेय ती व्हिडिओ अडकला म्हणून नाही. आता वर डाव्या कोपऱ्यात बघा, एक बारीकसा ठिपका चमकतोय, चांदणी असल्यासारखा. ते भोक आहे. छताला पडलेलं, टाचणीच्या टोकाएवढं. मॅडम म्हणाल्या, "एवढं पुरतं. समुद्रात महिनाभर याच्यातून पाणी येणार, आणि नेमकं खालच्या पॅलेटवर पडणार." मग डबा जिथून आला त्या यार्डाला फोन, फोटो, थोडी वादावादी, आणि हा डबा परत गेला. दुसरा यायला साडेअकरा वाजले. (म्हणजे सकाळची सगळी रिव्हर्सची कसरत पुन्हा एकदा, आणि चहावाल्याचं बाकडंही पुन्हा आत.)

दुसऱ्या डब्यात आधी वास घेतला. हो, नाक लावून. मागच्या फेरीत मसाला नाहीतर कच्चं चामडं गेलेलं असेल तर तो वास प्लायवूडच्या फ्लोअरमध्ये मुरलेला असतो. बिडाला काय फरक पडतो म्हणा, पण कपडे किंवा चहा भरणाऱ्याला विचारा.

दारावर हा लांबलचक नंबर असतो, चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा बसलेला एक आकडा. अक्षरांमधलं चौथं जवळजवळ नेहमी इंग्रजी यू. चौकटीतला आकडा आधीच्या दहांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे कागदावर कोणी 6 चा 8 केला तर कॉम्प्युटर बहुतेक वेळा तिथल्या तिथं पकडतो. त्याच दारावर वजनं पण छापलेली असतात. जास्तीत जास्त एकूण वजन 30,480 किलो, आणि डब्याचं स्वतःचं सव्वादोन टनांच्या आसपास. आमच्या मालाचे वीस टन, म्हणजे काट्यावर ठणठणीत, पण आत बघाल तर अर्ध्यावर डबा रिकामा, वरती नुसती हवा. लोखंडवाल्यांचं असंच असतं, वजन आधी संपतं आणि जागा उरते, फर्निचरवाल्यांचं बरोब्बर उलटं.

आता लाकूड. हे पॅलेट साधे दिसतात, पण प्रत्येकावर डागल्यासारखा एक शिक्का आहे, त्यात गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाचा कोड आणि एचटी ही दोन अक्षरं. एचटी म्हणजे हीट ट्रीटमेंट, लाकडाचा गाभासुद्धा 56 डिग्रीला सलग 30 मिनिटं तापवलेला. कशासाठी, तर किड्यांसाठी. 1996 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाडं पोखरणारा एक लांब मिशांचा भुंगा सापडला, तो चीनकडून आलेल्या मालाच्या पॅकिंगच्या लाकडातून आला असं मानतात, आणि त्याच्यापायी तिथं हजारो झाडं तोडावी लागली. मग 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम आला. आता शिक्का नसलेली एक फळी जरी चुकून गेली तरी तिकडचा कस्टमवाला सगळा माल अडवू शकतो. इथं एका पोराने पॅलेटला आधार म्हणून कुठूनतरी एक सुटा लाकडी तुकडा आणून ठोकला होता, मॅडमनी लांबूनच बघितला आणि काढायला लावला.

याबाबतीत मी स्वतः शहाणपण विकत घेतलेलं आहे म्हणून जरा थांबतो. माझी बहीण मेलबर्नला शिफ्ट झाली तेव्हा आईचं सागवानी देवघर, थोडी पितळी भांडी, पाट आणि आईच्या हट्टापायी एक सूप आणि केरसुणी असं सगळं आम्ही समुद्रामार्गे पाठवलं. अख्खा डबा परवडत नव्हता, म्हणून एलसीएल, म्हणजे एका डब्यात दहा जणांचा माल आणि आपण आपल्या घनमीटरचे पैसे द्यायचे. एजंटाने घनमीटरचा रेट असा सांगितला की आम्हाला वाटलं लॉटरीच लागली. दोन घनमीटर भरलं. तिकडे माल उतरल्यावर बहिणीला बिल आलं, डबा फोडायचे पैसे, वेअरहाऊसचे, कागदांचे, क्वारंटाइन तपासणीचे, आणि त्याची बेरीज इथं दिलेल्या भाड्याच्या वर गेली! कारण तो लॉटरीचा रेट फक्त तिकडच्या बंदरापर्यंतचा होता, पुढचं कोणी विचारलंच नव्हतं, म्हणजे आम्ही विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नाही. देवघराला मागच्या बाजूला एक बारीक भोक निघालं, ते धुरी देऊन सोडवलं. सूप आणि केरसुणी तिकडेच नष्ट केली. आईला अजून सांगितलेलं नाही. तर घरचं सामान पाठवणार असाल तर एकच विचारा, "माझ्या दारात पडेपर्यंत किती?" आणि उत्तर लिहून घ्या. ऑस्ट्रेलियाला गवताची, बांबूची वस्तू तर पाठवूच नका.

असो. भोसरीत स्टफिंग, म्हणजे डब्यात माल भरणं, चालू झालंय. इथं डॉक, म्हणजे डब्याच्या उंचीचा ओटा, नाही, त्यामुळे फोर्कलिफ्ट पॅलेट उचलून दारात ठेवतो, आणि आतून दोघं जण हँड पॅलेट ट्रकवर घेऊन शेवटपर्यंत ढकलत नेतात. दोन टन. डब्याच्या आत या वेळी काय उकाडा असतो ते कॅमेऱ्यात येत नाही, लेन्सवर वाफ धरलीय तेवढी दिसेल. वजन एका टोकाला जाऊन चालत नाही, सगळ्या लांबीवर वाटून ठेवायचं, मधल्या फटींमध्ये हवेच्या पिशव्या फुगवायच्या, खाली ठोकळे मारायचे, आणि मग पिवळे पट्टे घेऊन भिंतीच्या कड्यांना आवळायचे. इथं तिसऱ्या पट्ट्यावरून जरा वाजलं. आतले मामा, तीस वर्षं हेच काम करतायत, ते म्हणाले अजून दोन खटके आवळू द्या. मालक घड्याळाकडे बघत म्हणाले, बास आता, कट ऑफ चुकेल. कट ऑफ म्हणजे बंदराच्या गेटमधून डबा आत जायची शेवटची वेळ, ती चुकली की जहाज तुमच्याशिवाय जातं आणि पुढचं आठवड्याने. मामा काही बोलले नाहीत, खाली उतरून तंबाखू मळायला लागले.

पॅलेटवर हा जो निळसर प्लास्टिकचा बुरखा आहे तो साधा नाही, त्यातून गंज रोखणारी वाफ निघते. त्याच्या वर डब्याच्या भिंतींना या पांढऱ्या पिशव्या लटकवल्यात, ओल शोषणाऱ्या. मालकांनी काही वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात ओल्या पॅलेटवर माल भरला होता, घाईघाईत. लाकडातलं पाणी उन्हानं डब्यात वाफ होऊन पसरलं, पुढे थंड समुद्रात गेल्यावर छताला थेंब धरले आणि टपटप खाली. डब्याला भोक नाही, लाटेचं पाणी नाही, तरी आत पाऊस पडला. माल तिकडे पोचला तो गुळाच्या रंगाचा होऊन. सगळा रिजेक्ट. तेव्हापासून मालक पॅलेटला हात लावून बघतात, आपण भाकरीच्या पिठाला लावून बघतो तसा.

दारं लागली. बोल्टचं सील खट्ट करून बसलं, आता ते कटरनेच तुटणार. त्याच्यात इलेक्ट्रॉनिक चिप आहे, बंदरात रीडरने वाचतात. कस्टमचे सोपस्कार कारखान्यातच माल भरून सील करून होतात, नाहीतर तळेगाव, दिघीला आयसीडी आहेत, म्हणजे समुद्र नसलेल्या गावातलं बंदरच म्हणा. कागदांचं सगळं सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करणारा एजंट बघतो, शिपिंग बिल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, त्यात मी तुम्हाला गुंतवत नाही.

पण वजनकाटा दाखवतो. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या डब्याचं खात्रीचं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, जगात कुठेही. त्याआधी लोक अंदाजपंचे लिहायचे. 2007 च्या जानेवारीत एमएससी नापोली नावाचं जहाज वादळात तडकलं आणि इंग्लंडच्या किनाऱ्याला लावावं लागलं, तेव्हा डेकवरचे कोरडे राहिलेले 660 डबे मोजून बघितले, तर 137 डब्यांच्या वजनात तीन टनांपेक्षा जास्त फरक निघाला. तीन टन म्हणजे एक हत्ती धरा. आपल्या डब्याच्या पावतीत आणि हिशोबात चाळीस किलोंचा फरक आला, ड्रायव्हर काका म्हणाले, "ते डिझेल आणि मी."

रात्री नऊला निघालो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर वर, आणि ती सगळी उंची खंडाळ्याच्या घाटात काही किलोमीटरमध्ये उतरायची, मागे वीस टन घेऊन. काका पूर्ण उतार लो गिअरमध्ये, ब्रेकला जपत. जिथे अमृतांजन पूल होता, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पाडला तो, तिथं आजूबाजूच्या ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकचा वास थेट केबिनमध्ये येतो. पट्टे आवळतात ते याच्यासाठी पण, नुसत्या लाटांसाठी नाही.

पनवेल सोडलं की पळस्पे फाट्यापासून पुढे डबेच डबे. जासईच्या आसपास हुतात्म्यांची आठवण आहे. 1984 च्या जानेवारीत इथल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन केलं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. बंदर सुरू झालं 1989 ला. 2023-24 मध्ये या बंदरातून 64 लाखांच्या वर टीईयू हलले, टीईयू म्हणजे आपल्यासारखा एक 20 फुटी डबा. त्यातला आपला एक.

रात्री दीडला रांगेत लागलो. गेटच्या आत आम्हाला कॅमेरा न्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे इथून पुढचं दिसतंय ते बाहेरूनच. काका आत गेले, पहाटे पावणेपाचला रिकामी चेसी घेऊन बाहेर आले, आणि आता चाकणचा कुठला इम्पोर्टचा डबा परतीला मिळतोय का त्याची फोनाफोनी चालू. रिकामं परत जाणं म्हणजे डिझेल अंगावर.

जहाजाबद्दल एवढंच सांगतो की सुएझमधून गेलं असतं तर लवकर पोचलं असतं. 2023 च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, त्यात दहा-बारा दिवस सहज वाढतात. आपला डबाही त्याच वळशाने गेला. विमा मात्र काढा, कंटाळा करू नका. 2021 च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये सहा दिवस अडकलं होतं आठवतंय? नंतर जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवायच्या खर्चात ज्यांचा माल वर होता त्यांनीही वाटा उचलायचा. तुमच्या पेटीला ओरखडा नसला तरी.

42 व्या दिवशी मालकांच्या व्हॉट्सॲपवर हॅम्बर्गहून फोटो आले. दार उघडल्याबरोबर काढलेले. पांढऱ्या पिशव्या ओल पिऊन टम्म फुगलेल्या, निळा बुरखा कोरडा, बॉड्या चकचकीत. ऑफिसमध्ये पेढे आले. मालक मात्र एकाच फोटोत झूम करून बसले होते, बराच वेळ. मग उठले, शॉपच्या मागच्या बाजूला गेले आणि मामांच्या समोर मोबाइल धरला. तिसरा पट्टा. सैल होऊन खाली लोंबत होता, आणि त्याच्या मागची पॅलेट वीतभर सरकलेली.

मामांनी चष्मा लावून नीट बघितलं. "दोन खटके म्हणलं होतं मी," ते म्हणाले, आणि मोबाइल परत दिला.