खऱ्या नावाची चोरी

[काळ्या शाईत पॅरिसची छपरं. वर निळा चंद्र.]

ही गोष्ट एका मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची. ती सांगणारा नोए हा तरुण व्हँपायर पहिल्याच प्रकरणात शेवट सांगून टाकतो. व्हॅनितास मला कसा भेटला, आम्ही कुठे कुठे हिंडलो आणि अखेर मी माझ्याच हातांनी त्याला कसं मारलं, त्याची ही हकिगत आहे, असं तो म्हणतो. पुढे दोघं भांडतात, हसतात, एका छपराखाली राहतात. वाचणाऱ्याला मात्र ते वाक्य विसरता येत नाही.

जून मोचिझुकी यांची 'व्हॅनितास नो कार्ते' ही मांगा मालिका डिसेंबर २०१५मध्ये 'गांगान जोकर' या जपानी मासिकात सुरू झाली. तिच्या नावापाशीच थोडं थांबायला हवं. जपानी लिपीत जी अक्षरं लिहिली आहेत, त्यांचा अर्थ होतो आठवणींची नोंद. त्याच अक्षरांचा उच्चार मात्र करायचा 'कार्ते'. आणि जपानमधल्या दवाखान्यात कार्ते म्हणजे आपला केस पेपर! डोळ्यांना आठवणी दिसतात, कानांना केस पेपर ऐकू येतो. कारण व्हॅनितास हा माणूस असूनही स्वतःला व्हँपायरांचा डॉक्टर म्हणवतो.

आजार कसला? नावाचा.

मोचिझुकींच्या जगात प्रत्येक व्हँपायरला एक खरं नाव असतं. त्या नावातच त्याचं सगळं असणं गुंफलेलं असतं. कुणी ते नाव विकृत केलं, की तो व्हँपायर स्वतःचा राहत नाही. रक्ताची अनावर तहान लागते, शुद्ध हरपते, समोर कोण आहे हे कळेनासं होतं. 'ध चा मा' झाला आणि पेशव्यांच्या वाड्यात खून पडला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. तिथे अक्षर बदललं ते कागदावरचं. इथे ते जिवंत देहात बदलतं.

अशा शापितांना व्हँपायरांच्या दरबाराकडे एकच उत्तर आहे, मृत्युदंड. नोएच्या बालपणीचा सोबती लुई असाच गेला, नोएच्या डोळ्यांदेखत. म्हणून व्हॅनितास जेव्हा एका शापित बाईचं नाव आपल्या निळ्या पुस्तकाच्या जोरावर पुन्हा सरळ करून दाखवतो, तेव्हा नोए त्याच्यामागे का निघतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

[मुखवटे. झुंबरं. नाचणारी पावलं.]

माणसांच्या पॅरिसपलीकडे व्हँपायरांचं आल्टस हे जग आहे. तिथे राणी आहे, सरदार घराणी आहेत, सिनेट आहे. पण राणी फाउस्टिना लोकांसमोर येतच नाही. सिंहासनावरचं माणूस दिसेनासं झालं, की त्याच्या अवतीभवतीची माणसं मोठी होत जातात. या मालिकेतलं दरबारी कारस्थान याच मोकळ्या जागेत वाढलंय. राणीचं गुपित मी इथे फोडणार नाही. ते ज्याचं त्यानं त्या पानापर्यंत पोचूनच वाचावं.

मुखवट्यांच्या मेजवानीत व्हॅनितास सगळ्या सरदारांसमोर उभा राहतो आणि सांगतो, तुमची इच्छा असो वा नसो, मी तुम्हाला वाचवणार. उपकाराची भाषा धमकीच्या सुरात! ते पान मी कितीतरी वेळा उलटून पाहिलंय. मोचिझुकी तिथे त्याचं हसू असं काढतात, की त्याच्यावर विश्वास ठेवावा की पळून जावं, हे ठरवता येत नाही.

या दरबारातला सर्वांत आदरणीय माणूस म्हणजे लॉर्ड रुथव्हेन. माणसं आणि व्हँपायर यांच्या युद्धानंतर शांतता आणणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. तो मृदू बोलतो, समोरच्याचं शांतपणे ऐकून घेतो. तो नोएला काही प्रश्न विचारतो. नोए मनापासून, सरळ उत्तरं देतो. आणि पुढच्याच क्षणी रुथव्हेनचे दात नोएच्या मानेत असतात. तो नोएवर एक बंधन घालतो. मी एकदा, फक्त एकदा आज्ञा करीन आणि ती तुला पाळावीच लागेल. कुठली आज्ञा, कधी, कुणाविरुद्ध, काहीच सांगत नाही. पहिल्या प्रकरणातलं ते वाक्य मला इथे पुन्हा आठवलं आणि हात थंड पडले.

[जुनी छापील पानं. लंडन, १८१९.]

रुथव्हेन हे नाव मोचिझुकींनी उगाच उचललेलं नाही. त्याचा माग काढत गेलं, की आपण १८१६च्या उन्हाळ्यात, जिनिव्हा सरोवराकाठच्या एका बंगल्यात पोचतो. तिथे कवी लॉर्ड बायरन होता आणि त्याच्यासोबत त्याचा तरुण डॉक्टर जॉन पॉलिडोरी. त्याच वर्षी बायरनच्या पूर्वीच्या प्रेयसीनं, लेडी कॅरोलिन लॅम्बनं, एका कादंबरीत त्याला खलनायक म्हणून रंगवलं आणि त्या पात्राला रुथव्हेन नाव दिलं. पॉलिडोरीनं तेच नाव घेऊन 'द व्हँपायर' लिहिली. खानदानी, देखणा, उच्चभ्रू बैठकांत वावरणारा रक्तपिपासू इंग्रजी गद्यात ठसला तो या कथेतून, ड्रॅक्युलाच्या तब्बल ७८ वर्षं आधी.

१८१९च्या एप्रिलमध्ये कथा छापून आली ती बायरनच्या नावावर. लिहिणारा एक, नाव दुसऱ्याचं. बायरननं ती आपली नसल्याचं सांगितलं, तरी पॉलिडोरीला त्याचं श्रेय धड मिळालं नाही. १८२१मध्ये तो वारला, तेव्हा जेमतेम २५ वर्षांचा होता. एका डॉक्टरची व्हँपायरकथा, आणि तिच्यावरून त्याचंच नाव पुसलं गेलं! मोचिझुकींच्या मनात नेमकं हेच होतं का, ते मी कसं सांगू? पण व्हँपायरांचा डॉक्टर आणि चोरलेली नावं वाचताना मला पॉलिडोरी आठवल्यावाचून राहत नाही.

त्या कथेत रुथव्हेन आपल्या तरुण मित्राकडून, ऑब्रीकडून, शपथ घेतो. माझ्या मरणाबद्दल वर्षभर आणि वर एक दिवस कुणाला काही सांगायचं नाही. मग तोच मेलेला रुथव्हेन लंडनमध्ये जिवंत समोर येतो, ऑब्रीच्या बहिणीशी लग्न ठरवतो, आणि शपथेनं बांधलेल्या ऑब्रीला तोंड उघडता येत नाही. मांगातल्या रुथव्हेनची एक आज्ञा याच शपथेची वंशज वाटते. १८२०मध्ये हे पात्र पॅरिसच्या रंगभूमीवर आलं आणि गाजलं. त्यामुळे मोचिझुकींच्या पॅरिसमध्ये तो परका वाटत नाही.

[बर्फाळ डोंगर. लांडग्याची पावलं.]

पुढे कथा जेव्होदाँला जाते. तिथेही खरा इतिहास खाली दबलेला आहे. १७६४ ते १७६७ या काळात दक्षिण फ्रान्सच्या त्या डोंगराळ मुलखात एका श्वापदानं बायका-मुलांचे बळी घेतले. फ्रान्सचा राजा पंधराव्या लुईनं आपला शिकारी पाठवला. १७६५मध्ये त्यानं एक थोराड लांडगा मारला आणि दरबारानं प्रकरण मिटल्याचं मानलं. बळी मात्र पुन्हा पडू लागले. वर्सायचा राजदरबार तिकडे बघेना. अखेर जाँ शास्तेल या स्थानिक माणसाच्या गोळीनं ते संपलं. मांगात शास्तेल आहे, पण तो त्या श्वापदाच्या बाजूनं उभा आहे. बर्फात एकाकी पडलेल्या क्लोए या व्हँपायर मुलीसाठी. दरबारानं जिच्याकडे पाठ फिरवली, तिच्यासाठी. संबंध मालिकेत मला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो.

जपानच्या बोन्स स्टुडिओनं २०२१–२२मध्ये या मांगावर ॲनिमेशन मालिकेचे २४ भाग केले. युकी काजिउरांचं संगीत त्यात फार सुंदर आहे. तरीही शाईतला काळोख कागदावरच पाहावा.

[दोन खुर्च्या. एक रिकामी.]

नोए आर्किविस्त कुळातला आहे. ज्याचं रक्त तो पितो, त्याच्या आठवणी त्याला दिसतात. सगळा दरबार मुखवटे घालून बसलेला असताना, खरं काय ते एका घोटात कळू शकेल असा हा मुलगा. व्हॅनितास त्याला बजावतो, माझं रक्त प्यायलास तर तुला मारून टाकीन.

म्हणून नोए दात लावत नाही. तो शेजारी बसतो आणि विचारतो. व्हॅनितास विषय बदलतो. नोए थोड्या वेळानं पुन्हा विचारतो.