‘शेतस’ नव्हे, ‘व्हतात’

(दृश्य : पहाटेचा केळीचा मळा. तिथून तालुक्याच्या रुग्णालयातला लहान मुलांचा वॉर्ड.)

अडीच महिन्यांचं बाळ. दुसऱ्यांदा न्युमोनिया. जिभेवर पांढरा थर. औषधानं जातो, आठवड्यात परत येतो. जुलाब थांबत नाहीत. आजी म्हणते, दूध अंगी लागत नाही.

(दृश्य : सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद. कॅमेरा आकड्यांवर.)

तालुक्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये होणारी ही साधी तपासणी. एकूण पांढऱ्या पेशी 7,200. त्यांतल्या लिम्फोसाईट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, 22 टक्के. शेजारच्या रकान्यात छापलंय : 4,000 ते 11,000, आणि 20 ते 40. दोन्ही आकडे मर्यादेत. कुठे खूण नाही, ठळक अक्षर नाही. कागद फाइलला लागतो.

पण छापलेली मर्यादा मोठ्या माणसाची आहे. 7,200 चे 22 टक्के म्हणजे 1,584. तुम्हाआम्हाला एवढ्या लिम्फोसाईट पुरतात. या वयाच्या बाळात त्या साधारण साडेतीन ते साडेसात हजार असतात. आकडा तीन हजारांच्या खाली दिसला, की आधी स्किडचा विचार करायचा, मग अँटिबायोटिक बदलायचं. स्किड म्हणजे प्रतिकारशक्तीचा सगळ्यात गंभीर जन्मजात दोष : लिम्फोसाईटपैकी टी पेशी तयारच होत नाहीत, आणि त्यांच्यावाचून बी पेशीही निकामी. मोठ्या जंतुसंसर्गात किंवा स्टिरॉइड चालू असताना लिम्फोसाईट तात्पुरत्या उतरतात, म्हणून तपासणी पुन्हा करतात. उलटही होतं. आईच्या पेशी गर्भातच बाळात शिरून राहिल्या असतील, तर आकडा बरा दिसतो आणि फसवतो.

छातीचा एक्स-रे काढलेला असतोच. न्युमोनियाचा डाग पाहून तो पाकिटात जातो. हृदयाच्या वर थायमस ग्रंथीची सावली आहे का, एवढं एकदा बघावं. टी पेशी तिथेच तयार होतात. आजारपणात थायमस आक्रसतो, त्यामुळे नुसत्या एक्स-रेवर निदान होत नाही; पण कमी आकडा आणि गायब सावली एकत्र दिसली, तर वाट पाहू नये.

(दृश्य : केसपेपरची खिडकी. बाळाचे वडील नाव सांगताहेत.)

‘घरात कुणाला असा आजार?’ वडील म्हणतात, ‘नाही.’ ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या घरात खरंच नाही. स्किडचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आयएल-टू-आरजी या जनुकातल्या बिघाडानं होतो, आणि हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. आईजवळ दुसरा चांगला एक्स असल्यानं ती ठणठणीत. तिच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी. म्हणजे या आजाराचा माग सासरी लागत नाही, आजोळी लागतो. मामांमध्ये.

प्रश्न आईच्या आईला विचारायचा, तिच्या अहिराणीत, आणि नीट विचारायचा. ‘माय, तुले आंडोर कितला शेतस?’, म्हणजे मुलगे किती आहेत, असं विचारलं तर उत्तर येतं, दोन. ‘कितला व्हतात?’, म्हणजे किती होते, असं विचारलं तर ती थांबते, आणि म्हणते, चार. पाळण्यात गेलेली दोन मुलं कुणी मोजत नाही. ‘व्हतात’ या एका क्रियापदावर निदान अवलंबून असतं, म्हणून अहिराणी येणारी सिस्टर इथे फार मोलाची.

आजोळही निरोगी निघालं, तरी शंका मिटत नाही. बिघाड या बाळातच पहिल्यांदा झालेला असू शकतो. काही प्रकारांत, उदाहरणार्थ रॅग जनुकांच्या, आई आणि वडील दोघंही वाहक असतात. तिथे नात्यातलं लग्न विचारावं लागतं, आणि मुलीही आजारी पडतात. नंदुरबारकडे सिकलसेलमुळे ‘दोघंही वाहक’ हे गणित लोकांना ठाऊक आहे. तिथून समजावायला सुरुवात केली तर पटकन कळतं.

(दृश्य : जांभळ्या झाकणाची नळी, थर्मोकोलचा डबा.)

पुढची तपासणी फ्लो सायटोमेट्रीची : टी, बी आणि एनके या लिम्फोसाईटच्या तीन जाती वेगवेगळ्या मोजायच्या. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एनआयआयएच ही संस्था आहे, तिथे हे काम चालतं. रक्त दोन मिलिलिटर, ते गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या नळीत. ते बर्फात ठेवायचं नाही. इतर नमुन्यांच्या सवयीनं बर्फ लावला, की पेशी खराब होतात. पण मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा उघडी नळी गाडीच्या डिकीत ठेवणंही तितकंच वाईट. जाड थर्मोकोल, आत थंड जेलची पिशवी, ती आणि नळी यांच्यामध्ये कापसाचा जाड थर. आतलं तापमान 18 ते 25 अंश राहिलं पाहिजे. जळगाव ते मुंबई लोहमार्गानं सुमारे 420 किलोमीटर, रात्रीच्या गाडीनं नमुना सकाळी पोचतो. शनिवारी पाठवू नये; रविवारी डबा दारातच पडून राहील. सोबत एका निरोगी माणसाचं रक्तही त्याच डब्यात जाऊ द्यावं. दोन्ही बिघडले तर दोष प्रवासाचा, एवढं तरी कळतं.

रिपोर्ट येईपर्यंत काय करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस थांबवायची, कारण दोन्ही जिवंत लसी. घरातल्या इतर मुलांनाही थेंब नकोत. लसीतला विषाणू शौचावाटे बाहेर पडतो. त्यांना पोलिओची इंजेक्शनवाली लस चालते. बीसीजी ही टीबीवरची जिवंत लस जन्मतःच टोचलेली असते, तेव्हा डावा दंड उघडून बघा, काखेत गाठ चाचपा. जखम चिघळली असेल तर टीबीची औषधं लागतात, पण त्यात पायराझिनामाइड कामाचं नाही : बीसीजीच्या जंतूवर ते मुळातच चालत नाही. रक्त चढवायची वेळ आली, तर किरणोत्सर्ग दिलेलं आणि पांढऱ्या पेशी गाळलेलंच हवं. साध्या पिशवीतल्या दात्याच्या लिम्फोसाईट बाळाच्या शरीरावर उलटतात, आणि त्यातून बहुधा कुणी वाचत नाही.

उपाय रक्तमूळपेशींच्या प्रत्यारोपणाचा. अमेरिका-कॅनडातल्या 25 केंद्रांमधल्या 240 बाळांची पाहणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 94 टक्के पाच वर्षांनी जिवंत होती. खर्चासाठी केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात 50 लाखांपर्यंतची मदत आहे. ती ठरलेल्या केंद्रांमार्फत मिळते, आणि केईएम त्यांपैकी एक.

बाळ हाती लागणार नाही असं दिसत असेल, तरीही जांभळ्या नळीत दोन मिलिलिटर रक्त काढून डीएनए जपून ठेवायला सांगावं. हे बोलणं जड जातं, म्हणून राहून जातं. मग पुढच्या गरोदरपणात कोणता बिघाड शोधायचा तेच माहीत नसतं. माहीत असेल तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन, नोंदणीकृत केंद्रात, कायद्यात बसणारी तपासणी करता येते.

(दृश्य : माता-बाल संरक्षण कार्ड. पेनानं लिहिणारा हात.)

पुढचं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. तिथली सिस्टर वेगळी, तिला काहीच ठाऊक नसतं. ती नेमाप्रमाणे पहिल्या दिवशीच बीसीजी टोचते. म्हणून कार्डाच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत, लाल पेनानं : ‘नाळेचं रक्त ईडीटीएमध्ये घ्या. रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊ नका.’ आणि खाली डॉक्टरांचा फोन नंबर.