दुसऱ्या फेरीची गाडी

(शॉट: पार्किंग, सकाळ. एका निळ्या गाडीच्या पुढच्या चाकातून धूर येतोय.)

व्हिडिओला वास असता तर मला फार बोलावंच लागलं नसतं. जळका, आंबूस, नाकात बसून राहणारा वास. आमच्या कोल्हापूरकडच्या माणसाला हा पाठ असतो, आंबा घाट उतरून साखरप्याला एखादा ट्रक थांबला की त्याच्या चाकांपाशी जो येतो ना, तोच. इथे मात्र तो येतोय जर्मनीत, एका चकचकीत निळ्या सहाशे घोड्यांच्या गाडीतून, आणि मालक शेजारी हाताची घडी घालून उभा आहे कारण त्याच्या ब्रेकचं पेडल खाली जाऊन कार्पेटला टेकलंय. एक फेरी झाली होती फक्त. आणि ती बघा, मागून निघालेली, रंग उडालेली जुनी हॅचबॅक, तिची ही चौथी फेरी, चालवणाऱ्या बाई साठीच्या तरी असतील.

नवीन आलेला माणूस निळ्या गाडीचा फोटो काढतो. दोन वर्षांपूर्वी मीपण तेच केलेलं.

ही जागा म्हणजे नॉर्डश्लाइफे, आयफेलच्या डोंगरात, न्युर्बुर्ग गावाला लागून. १९२७ मध्ये सुरू झालेला ट्रॅक, एक फेरी २०.८३२ किलोमीटरची, वळणं ७३, आणि सगळ्यात खालची जागा ते सगळ्यात वरची यात तीनशे मीटरचा फरक, म्हणजे ट्रॅक म्हणायचं पण स्वभाव सगळा घाटाचा. १ ऑगस्ट १९७६ ला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडाची गाडी इथे पेटली, तो वाचला, पण फॉर्म्युला वन या लांब ट्रॅकवर परत कधी आली नाही. आता गंमत अशी की शर्यत किंवा टेस्टिंग नसेल त्या दिवशी हा चक्क टोलचा रस्ता होतो. गाडीला नंबर प्लेट पाहिजे, खिशात लायसन्स पाहिजे, तिकीट काढा, बॅरिअर वर जातो, झालं. ओव्हरटेक फक्त डावीकडून, मागून कोणी जोरात आला तर आपण उजवा इंडिकेटर द्यायचा आणि उजवीकडे राहायचं. घड्याळ लावून वेळ मोजायला मनाई. मोजतात लोक, ते सोडा.

मी स्टुटगार्टजवळ राहतो, इथून तीनेकशे किलोमीटर. नऊ वर्षं पैसे साठवत होतो आणि डोक्यात गाडीची व्याख्या पक्की होती: रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा ऑफिसला नेता आली पाहिजे, शनिवारी इथपर्यंत चालवत यायचं, ट्रॅकवर पळवायची, आणि चालवतच घरी जायचं. ट्रेलर नाही, टो करून नेणं तर नाहीच नाही. बायकोची अट एकच, याच्यावर कर्ज काढायचं नाही. बजेट साधारण नव्वद हजार युरो.

यादी करायला बसलो की सगळे पहिला आकडा बघतात तो हॉर्सपॉवरचा. मीपण. बीएमडब्ल्यूची २०२३ ची एम-२ घ्या, ४६० घोडे, रोजच्या वापराला एक नंबर, मागे पोरंही बसतील, पण वजन १,७०० किलोच्या घरात. अल्पीनची ए-११० त्याच्या बरोब्बर उलट, २५२ घोडे आणि ११०० किलोच्या आसपास, चालवून बघितली आणि खरंच प्रेमात पडलो, पण ती मॅन्युअल मिळतच नाही आणि मला क्लच पाहिजे होता, हा माझा हट्ट, त्याला लॉजिक नाही. टोयोटाची सुरुवातीची जीआर यारिस, तीन सिलिंडर, २६१ घोडे, चारही चाकांना ताकद. डोक्याने खरेदी केली असती तर हीच घेतली असती आणि उरलेल्या पैशात दहा वर्षांचे टायर आले असते. पोर्शची ९११ जीटी-३ यादीत लिहिली होती, म्हणजे देवाचं नाव वर लिहितात तशी.

आणि मग पोर्शचीच केमन जीटी-४. पहिली आवृत्ती, २०१५ ची. इंजिन मधोमध, ३.८ लिटर, टर्बो नाही, ३८५ घोडे, १,३४० किलो, सहा गिअर आणि फक्त मॅन्युअल. पुढचं सस्पेन्शन बरंचसं ९११ जीटी-३ मधून उचललेलं, आणि ब्रेकपण. नवी असताना जर्मनीत ८५,७७९ युरोपासून सुरू व्हायची, आणि दहा वर्षांनी वापरलेली घ्यायला गेलं तरी आकडा त्याच्याच आसपास घुटमळतो. तिची एक खोड सगळ्यांना माहीत आहे, गिअर फार लांब आहेत. दुसरा गिअर पूर्ण ताणला तर एकशेतीसच्या वर जातो आणि इथल्या गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर मर्यादा शंभरची. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्येच कायदा संपतो आणि अजून चार गिअर बाकी.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगत होतो. मामा एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी, वर्षानुवर्षं आंबा घाट. त्यांनी घोडे किती वगैरे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चढवायला कोणबी चढवील लेका. उतरताना थांबती का, ते बघ."

बसून हिशोब केला. मी आणि गाडी मिळून १,४२० किलो धरा. ताशी दोनशेवरून शंभरवर यायचं म्हणजे ब्रेकला साधारण सोळा लाख ज्यूल उष्णता गिळावी लागते. ज्यूल म्हटलं की कळत नाही, म्हणून असं सांगतो: नळाचं पाच लिटर गार पाणी उकळायला जेवढी लागते तेवढी. आणि ती गॅसवर दहा-पंधरा मिनिटांत नाही, तीन सेकंदांत, चार डिस्कमध्ये. पुढच्या वळणाला परत पाच लिटर. डिस्क पाच-सहाशे डिग्रीला जाते, ती उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. साधं डॉट-४ ऑइल नवं असताना २३० डिग्रीच्या वर उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि ओलं झालं की त्याची हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते. पेडल कार्पेटला. निळ्या गाडीचं झालं ते बहुतेक हेच, जोडीला गाडी जड.

म्हणून मी घोडे मोजायचे सोडले आणि वजन, ब्रेक आणि गाडीचा पूर्वेतिहास यावर आलो. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड निघाली.

(शॉट: व्हील आर्चच्या आत टॉर्च. काळे रबराचे दाणे.)

पहिली गाडी बघायला फ्रँकफर्टच्या बाजूला गेलो. पांढरी, सुंदर, मालक गोड बोलणारा, कॉफी दिली, आणि कॉफीसोबत वाक्य दिलं की ही ट्रॅकवर कधीच गेलेली नाही. बरं. मी टॉर्च घेऊन चाकाच्या मागे वाकलो तर आतल्या बाजूला रबराचे बारीक दाणे वितळून चिकटलेले. ट्रॅकवर गरम टायरचं रबर सुटतं आणि मागच्या गाडीवर उडतं, मंडईला जाऊन आणल्यावर हे लागत नाही. ब्रेक डिस्कला जी भोकं असतात त्यांच्या कडेने केसासारख्या चिरा गेलेल्या. आणि मागच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात उन्हात तिरकं बघितलं की एका स्टिकरची पुसट आकृती, वेडीवाकडी, नॉर्डश्लाइफेचा नकाशा. स्टिकर काढला होता, ऊन लागल्याचा ठसा राहिला होता.

ट्रॅकवर गेली होती याचं मला काहीच वाईट वाटलं नाही, मी पण त्याच कामाला घेणार होतो. खोटं बोलला याचं वाटलं.

आता जे सांगतो ते सेकंडहँड पोर्श घेणाऱ्या प्रत्येकाने कागदावर लिहून ठेवावं. या गाड्यांचा कॉम्प्युटर इंजिन रेडलाइनच्या, म्हणजे फिरण्याच्या कमाल हद्दीच्या, वर गेलं की नोंद ठेवतो, सहा पायऱ्यांमध्ये, प्रत्येक पायरीत सिलिंडरमध्ये किती ठिणग्या पडल्या आणि शेवटची इंजिनच्या कितव्या तासाला. वर्कशॉपमध्ये मशीन लावलं की प्रिंट निघते. खालच्या पायऱ्यांत आकडे असतातच, अॅक्सिलरेटर दाबून धरला आणि लिमिटरला, म्हणजे त्या हद्दीला इंजिन रोखणाऱ्या यंत्रणेला, डोकं आपटलं की तिथे भर पडते, त्याने काही बिघडत नाही. वरच्या पायऱ्या वेगळ्या. तिथे इंजिन स्वतःच्या जोरावर पोचूच शकत नाही, लिमिटर अडवतो. तिथे ते पोचतं फक्त चुकीचा गिअर पडल्यावर: तिसऱ्यातून चौथा टाकायचा होता आणि घाईत दुसरा पडला, क्लच सोडला, आणि चाकांनी इंजिनला फरफटत नेलं.

माझ्या खर्चाने ही प्रिंट काढू म्हटल्यावर गडी जरा ढिला झाला. कशाला, वेळ जाईल, शनिवार आहे. पण काढली. पाचव्या पायरीत ११२ ठिणग्या. आकडा केवढासा वाटतो ना? सहा सिलिंडरचं इंजिन नऊ हजार आरपीएमला सेकंदाला साडेचारशे ठिणग्या टाकतं. म्हणजे पाव सेकंद. त्या पाव सेकंदात व्हॉल्व्हना आणि कनेक्टिंग रॉडना काय झालं ते बाहेरून कोणालाच सांगता येणार नाही, कदाचित काहीच नाही, कदाचित पुढच्या वर्षी कळेल. मी कॉफीबद्दल आभार मानले आणि ट्रेन पकडली.

दुसरी गाडी एका रिटायर झालेल्या मेकॅनिककाकांची. राखाडी रंग, बॉनेटवर दगडांचे टिपके, आणि दार उघडायच्या आधीच ते म्हणाले की वर्षातून पाच-सहा दिवस ट्रॅकवर जाते. मग एक जाडजूड फाइल आणली. ब्रेक ऑइल दर सहा महिन्यांनी बदललेलं, प्रत्येक बिल. पॅड कधी बदलले, कितव्या किलोमीटरला, पेन्सिलने. टायरवरचा चार आकड्यांचा कोड, कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला, तोही वहीत. प्रिंट त्यांनी स्वतःच आधी काढून ठेवली होती, वरच्या तिन्ही पायऱ्यांत शून्य. ब्रेक साधे लोखंडी, लाल कॅलिपरचे. पिवळे कॅलिपर म्हणजे सिरॅमिक डिस्क, निम्म्या वजनाच्या आणि दिसायला भारी, पण बदलायची वेळ आली की एका सेटच्या पैशात चांगली सेकंडहँड हॅचबॅक येते, ट्रॅकवर जाणाऱ्याने लाल बघून घ्यावे असं माझं मत. सीटच्या मागे रोल केज, सीट कार्बनच्या. त्या सीटमधून उतरताना मात्र पहिले दोन आठवडे मी म्हशीवरून उतरल्यासारखा उतरत होतो. ब्याऐंशी हजाराला सौदा झाला, आणि काकांनी पार्किंगमध्ये उभं राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं.

खर्चाचं थोडक्यात. नंबर प्लेटवर उजवीकडे ०४ आणि १० लिहिलंय, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबरच रस्त्यावर, टॅक्स आणि इन्शुरन्स तेवढ्याच महिन्यांचा, बाकी वेळ ती रस्त्याकडेला उभीसुद्धा करायची नाही. इन्शुरन्सच्या बऱ्याच पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान देत नाहीत, बारीक अक्षरं वाचा. आणि इथे तुम्ही लोखंडी कठड्याला गाडी लावली तर कठडा, टो ट्रक, सगळ्याचं बिल तुमच्या नावाने येतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एकाने ते बिल उघडलेलं मी बघितलंय. तो खूप वेळ काही बोलला नाही.

(शॉट: गाडीच्या आतून. आवाज फक्त इंजिनचा, मग निवेदन.)

ही माझी आजची दुसरी फेरी. श्वेडनक्रॉइत्झ गेलं, आता आरेमबेर्ग, उजवीकडचं वळण, दोनशेच्या आसपासवरून एकदम खाली यायचं, पाच लिटर पाणी. फुक्सरोअरे, उतारावर पोट वर येतं आणि तळाला आलं की मान खांद्यात बसते. आणि कालेनहार्डपासून पुढे उतरतं ते ब्राइटशाइडपर्यंत, वेरझाइफेनची वळणं, एक झालं की दुसरं, ब्रेकला श्वास घ्यायला जागाच नाही. इथे मला दर वेळी आंब्याचा घाट आठवतो. मी लवकर खालचा गिअर घेतो, थोडं इंजिनवर रोखतो, पेडल दाबतो आणि ते जिथे पहिल्या फेरीत होतं तिथेच पायाला लागतं. तेवढंच. घरापासून एवढ्या लांब येऊन मी खूश होतो ते पेडल जागेवर आहे म्हणून.

शेवटची सरळ मी हळू मारतो, ब्रेकला हात न लावता, वारा लागू देतो.

पार्किंगला आलो, मामांना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं बघा मामा, आणि फोन चाकाजवळ नेला, डिस्कवरून हवा थरथरत होती. मामांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"हँडब्रेक वढला न्हाईस न्हवं? तापल्याव वढायचा नसतोय."

"नाही मामा. पहिल्या गिअरात ठेवलीय."

"मग चाकाखाली दगड लाव."

मी इकडेतिकडे बघितलं. एवढं मोठं पार्किंग, दोनशे गाड्या, गुळगुळीत डांबर, आणि एक दगड म्हणून सापडेना.