सराफ्याची रात्र आणि आपली झोप

नमस्कार श्रोतेहो. इंदुरात सोन्याचांदीची दुकानं बंद होतात आणि सराफ्यात कढया चढतात. आपल्याला खरी भूक लागते ती रात्री दहानंतर. मग झोप लागत नाही म्हणून उशीला दोष द्यायचा!

गराडूचंच घ्या. या कंदाच्या एकदा तळून ठेवलेल्या फोडी गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत जातात, वरून जिरावण मसाला आणि लिंबू. तेलकट पदार्थ जठरातून हलायला वेळ घेतो, शिवाय अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप त्यानं सैलावते. अकराला खाऊन बाराला आडवे झालात की आम्ल वर सरकतं आणि रात्री दोनला घशाशी आंबट येतं. दर वेळी जळजळ होतेच असं नाही. कुणाला नुसती कोरडी ढास लागते, म्हणून पोटावर संशय जात नाही.

जेवण आणि अंथरूण यांत तीन तास ठेवा. दुकान उशिरा बंद होत असेल तर सहाच्या सुमारास वाटीभर उसळ खा, घरी आल्यावर दोन पोळ्या, भाजी, वरण पुरे. पण उपाशी झोपू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण गाळू नये. साखर उतरली की घाम फुटून जाग येते.

आता चहा. त्यातलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री आठच्या कपातलं अर्धं एक वाजताही अंगात असतं. ‘मला चहानं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचा डोळा लागतो खरा, पण झोप उथळ राहते. शेवटचा कप चारच्या आत घ्या.

जायफळाचं दूध प्यायचं तर जायफळ चिमूटभरच. चमचाभर घातलंत तर ते विषासारखं बाधतं.

अपुऱ्या झोपेनं भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पोह्यांसोबतची जलेबी एकावर थांबत नाही.

सराफा सोडा, असं कोण म्हणेल? दुकानं लागताच जा, गराडूची एक प्लेट दोघांत घ्या, परतताना राजवाड्याला एक फेरी मारा. तरीही आंबट येत असेल तर डाव्या कुशीवर झोपा. दोन उशा घेऊ नका, त्यानं पोट दुमडतं. पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली सहा इंच उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा. गिळताना घास अडकू लागला, तर मात्र ठोकळ्यांवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.