उंदराच्या मेंदूतले काजवे

[दृश्य: गडद काळोख. हळूहळू दोन फिकट ठिपके उमटतात.]

हा उंदराच्या मेंदूचा एक पातळ काप. बशीत जिवंत ठेवलेला. त्याचा उजेड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; उबदार, बंद पेटीत प्रकाशाचा कण न् कण टिपणारा कॅमेरा लावून ठेवावा लागतो.

डोळ्यांकडून आलेल्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात. त्याच्या बरोबर वर हे दोन पुंजके आहेत, मिळून सुमारे २०,००० चेतापेशींचे. झोप-जागेची वेळ राखणाऱ्या या जागेला सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लिअस म्हणतात.

[दृश्य: ठिपके उजळतात, मंदावतात, पुन्हा उजळतात.]

एक उजळणं-विझणं म्हणजे साधारण एक दिवस. पेशी पर-२ नावाचं प्रथिन बनवते. साठा वाढला की तेच प्रथिन केंद्रकात परततं आणि इतर प्रथिनांच्या साथीने स्वतःचं जनुक बंद पाडतं. मग ते झिजत जातं, जनुक मोकळं होतं, पुन्हा सुरुवात.

पूर्वी हे चक्र पाहायला दर काही तासांनी वेगळ्या उंदराचा मेंदू काढावा लागे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने पर-२च्या जनुकालाच काजव्याच्या ल्युसिफरेजचं, म्हणजे उजेड पाडणाऱ्या प्रथिनाचं, जनुक जोडलं. त्यामुळे प्रथिन जितकं, तितका प्रकाश. बशीत ल्युसिफरिन, म्हणजे या उजेडाचं इंधन, घालायचं. प्राणवायू आणि पेशीतली ऊर्जा आहेच. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याची झाडं लखलखतात, तीही याच रसायनाने. काप काढायला उंदराचा जीव आजही जातो, हे सांगायलाच हवं. पण आता एकच काप दिवसामागून दिवस बोलत राहतो.

[दृश्य: यकृत आणि फुप्फुसाच्या तुकड्यांचे प्रकाश-आलेख.]

२००४ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं, ते मला आजही थक्क करतं. शरीरातून वेगळे काढलेले यकृत-फुप्फुसाचे तुकडेही लुकलुकत होते, वीसहून अधिक चक्रं. तोवर समज असा होता की मेंदूवाचून अवयवांचा ठेका काही दिवसांत विरतो.

मग काही उंदरांच्या मेंदूतले हे पुंजके नष्ट करून पाहिले. अवयवांचा ठेका तरीही टिकला. सुटला तो मेळ. घरातली सगळी घड्याळं चालू असावीत आणि प्रत्येकात वेगळी वेळ दिसावी, तसं. एकाच उंदराचे अवयव आपापसांत जुळेनात, आणि एकाचं यकृत दुसऱ्याच्या यकृताशीही.