आग फाल्गुनातली, तयारी कार्तिकातली

मंडळी, मध्य प्रदेशात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. आज मात्र त्याच्या आधीच्या चार महिन्यांबद्दल बोलू, कारण मार्चमध्ये काय जळणार ते ऑक्टोबर ते जानेवारीत ठरतं.

पाऊस भरपूर झाला की आपण निर्धास्त होतो. वणव्याच्या हिशेबात हे उलटं पडतं. चांगल्या पावसाच्या वर्षी इंदूरजवळच्या चोरल, मानपूरकडच्या माळांवर गवत कमरेपर्यंत वाढतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळतं. जितका पाऊस जास्त, तितकं जळण जास्त. मग मावठा पडतो. गव्हाला तो सोन्यासारखा. जंगलाला त्याचा आधार जेमतेम दोन-तीन दिवसांचा. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक जळण, म्हणजे गवत नि पाचोळा, हवेतल्या दमटपणामागे तासाभरात धावतं. मनगटाएवढ्या फांदीला तेच करायला चार-पाच दिवस लागतात. आग पसरते ती बारीक जळणावर, म्हणून ओला ओंडका बघून समाधान मानू नये.

थंडी उशिरा येऊ लागली, तर आणखी एक गोष्ट बिघडते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्के वाढते, म्हणजे गवतातला ओलावाही ती जास्त ओढते. रात्र उबदार राहिली तर दव पडत नाही, आणि गवताला रोज पहाटे मिळणारा ओलावा चुकतो.

यात आपल्या घाटाची एक खोड आहे. सिमरोल-चोरलचा विंध्य नर्मदेकडे, म्हणजे दक्षिणेकडे उतरतो. डिसेंबरअखेर इंदूरला दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४४ अंशांवर असतो. तीस अंशांच्या दक्षिण उतारावर त्याचे किरण जवळजवळ सरळ पडतात, तेवढ्याच उत्तर उतारावर अगदी तिरपे. थेट उन्हाची तफावत सुमारे चौपट! एकाच डोंगराची एक बाजू दवाने ओली आणि दुसरी काडी लावण्याजोगी.

हिवाळ्यात वणवा पेटत नाही असं वाटत असेल तर ३० डिसेंबर २०२१ आठवा. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरजवळ ओल्या वसंतात गवत माजलं, पुढचे महिने कोरडे गेले आणि वादळी वाऱ्यात हजारावर घरं जळाली. दुसऱ्या दिवशी तिथे बर्फ पडला. तसा वारा आपल्याकडे नाही. गवताचं गणित मात्र तेच.

आता फायरलाइन, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत कापून-जाळून मोकळा केलेला पट्टा. महाराष्ट्रात तिला जाळरेषा म्हणतात. पट्ट्याच्या दोन्ही कडा आधी कापायच्या आणि कापलेलं गवत आत ओढायचं. ते बाहेर फेकलं तर जंगलाच्या तोंडाशी आपणच गंजी रचून ठेवतो. मग सकाळी, पट्ट्यातलं दव सुकलेलं पण झाडांखालचं गवत अजून ओलसर आहे अशा वेळी पेटवायचं. वारा ज्या दिशेला जातो त्या कडेपासून सुरुवात करायची, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. उतार असेल तर वरच्या कडेपासून. दुपारी कधीच नाही. गवत जितकं उंच, तितकी रुंदी जास्त हवी. उतारावर त्याहून जास्त.

आणि इथेच बहुतेक ठिकाणी फसतं. डिसेंबरात साफ केलेली रेषा कागदावर पूर्ण होते, पण सागाची पानगळ त्यानंतरही चालूच असते. परातीएवढी ती पानं रेषेवर पसरली की आगीला पूल मिळाला. म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीच रेषा पुन्हा झाडावी लागते, आणि मोहाची फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी ओढून बाजूला करावा, हेही तेव्हाच गावात सांगावं लागतं.

शेवटी आपल्या इंदूरकरांचं. पातालपाणीला दाल-बाफल्याची सहल, गोवऱ्यांची आच! गोवरी वरून राखेने झाकली जाते आणि आत कित्येक तास धुमसते. वर माती लोटली तर निखारा झाकला जातो, विझतोच असं नाही. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. मग राखेवर हाताची मागची बाजू धरा. ऊब लागली तर पुन्हा पाणी.